'रेरा नंबर येतोच आहे' म्हणून घेतलेले 14,50,000 रुपये

महारेराकडे, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदणीच नसलेल्या प्रकल्पात फ्लॅटसाठी मी बिल्डरला पैसे दिले आणि फसलो. आधी आकडे. ईओआयचे (स्वारस्य नोंदणीचे) 51,000 धनादेशाने. "10 टक्के पूर्ण करा, म्हणजे फ्लॅट तुमच्या नावावर ब्लॉक होतो" म्हणून 4,69,000 आरटीजीएसने. "25 टक्क्यांपर्यंत आणलंत तर जुना भाव कायम" म्हणून आणखी 7,80,000. इथवर 13,00,000. शिवाय पार्किंग आणि वरचा मजला यांसाठी रोख 1,50,000, ज्याची पावती अर्थातच नाही. एकूण 14,50,000. परत आले 2,00,000. फ्लॅट पुण्याच्या हद्दीलगत, टू बीएचके, 690 चौरस फूट कार्पेट, ठरलेला भाव 52,00,000. पैसे 2023 च्या जानेवारी ते मार्चमधले. त्या जागेवर आजही पाया खणलेला नाही.

प्री-लाँच (नोंदणीआधीची विक्री) कसं चालतं ते इथे समजावत बसत नाही. चॅनल पार्टनरचे (दलालांचे) फोन, व्हॉट्सअ‍ॅपवरचं जाहिरातीचं क्रिएटिव्ह, "शनिवारनंतर चौरस फुटाला 300 वाढणार", हे सगळ्यांनी ऐकलेलं आहे. मीही ऐकलेलं होतं. तरी फसलो, आणि "एवढं शिकलेले असून कसे फसलात?" विचारणाऱ्यांनी एक हिशेब मांडून बघावा. शेजारच्या तयार इमारतीत तेवढ्याच फ्लॅटला 68,00,000 मागत होते. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या नऊ-दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर 4 वरून 6.5 टक्क्यांवर नेला. 40 लाखांच्या 20 वर्षांच्या कर्जाचा हप्ता 7 टक्क्यांनी 31,000 च्या आसपास बसतो, 9.5 टक्क्यांनी तो 37,300 च्या घरात जातो. पगार काही त्या वेगाने वाढले नाहीत. अशा वेळी समोरचा 16 लाख कमी सांगतो, तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवणं हा मूर्खपणा नसतो, दुसरा रस्ताच दिसत नसतो. हे धंदेवाले नेमके त्याच पट्टीतल्या लोकांना गाठतात: म्हाडाच्या कमी उत्पन्न गटात न बसणारे आणि तयार घर न परवडणारे.

माहितीपत्रकाच्या पहिल्या दोन पानांवर बिल्डरचं स्वतःचं असं काही नव्हतंच. जे होतं ते सरकारचं: हिंजवडी मेट्रो आणि रिंगरोड. मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर 2018 मधलं. घोषणा झाली की जमिनीचा भाव त्याच आठवड्यात चढतो, रूळ येतील तेव्हा येतील. '2022 पर्यंत सर्वांना घर' हे 2015 सालचं आश्वासनही त्यात एका कोपऱ्यात होतं, 2023 मध्ये! सरकारी घोषणेवर खाजगी माणूस भाव लावतो आणि त्या भावाला घाबरून लोक कच्च्या कागदावर पैसे ओततात. घरांच्या किमतींवरच्या चर्चांमध्ये या साखळीबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

आता जिथे कळायला हवं होतं ती जागा. 10 टक्क्यांचा आकडा. विक्रीवाल्याने स्वतःहून कायदा काढून दाखवला: "रेरा कायद्याचं कलम 13 बघा सर, नोंदणीकृत करारनाम्याशिवाय 10 टक्क्यांच्या वर घेता येत नाही. आम्ही बरोबर 10 च घेतोय." 52,00,000 चे 10 टक्के 5,20,000. 51,000 अधिक 4,69,000, रुपयाचाही फरक नाही. आकडा इतका चोख जुळला की शंकाच गेली. आणि फसवणूक नेमकी तिथेच होती. कलम 13 लागू होतं ते नोंदणी झालेल्या प्रकल्पाला. त्याच्या आधी कलम 3 येतं: नोंदणीशिवाय जाहिरात नाही, बुकिंग नाही, विक्रीचं आमंत्रणसुद्धा नाही. म्हणजे 10 टक्के काय, एक रुपयाही घेता येत नाही. त्या माणसाने कायद्याचं खरं कलम खऱ्या शब्दांत वाचून दाखवलं, फक्त एक कलम गाळून. कायदा उघडलेलाच होता. दहा कलमं मागे गेलो असतो तर खेळ तिथेच संपला असता. पुढे 25 टक्के मागितले तेव्हा तर त्याने स्वतःच वाचून दाखवलेलं कलम मोडलं जात होतं. त्यावर उत्तर तयार होतं: "हा बुकिंगचा भाग नाही, आगाऊ भरण्याची सवलत योजना आहे."

500 चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा 8 पर्यंत सदनिका असतील तर नोंदणीची सक्ती नाही. एवढा आडोसा सोडला तर "नंबर अप्लाय केलाय" या वाक्याला कायद्यात कसलाही अर्थ नाही. अर्ज केला म्हणजे नोंदणी झाली असं होत नाही. तरी सगळे हेच बोलतात, कारण ऐकणाऱ्याला ते 'जवळजवळ झालंच' असं वाटतं.

दुसरी खूण पैसे कुणाच्या नावावर मागितले यात होती. माहितीपत्रकावर एक फर्म, आरटीजीएस दुसऱ्याच एलएलपीच्या (मर्यादित दायित्वाच्या भागीदारी संस्थेच्या) खात्यात. कारण दिलं की "मार्केटिंगचं मँडेट त्यांच्याकडे आहे". रेरात घर घेणाऱ्यांच्या पैशातले 70 टक्के प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवायचे असतात आणि ते खातं नोंदणीच्या वेळी जाहीर होतं. नोंदणीच नाही तर खातंही नाही. मग पैसे जातात कुठे? जमिनीवर. खाजगी बिल्डरला नुसती जमीन घेण्यासाठी बँकेने कर्ज देऊ नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यामुळे जमीनमालकाचा इसार भरायला सर्वांत स्वस्त भांडवल म्हणजे तुमची-आमची बचत: व्याज नाही, तारण नाही, वसुली अधिकारी नाही. पुढे भाव वाढला तर प्रकल्प होतो आणि सगळे खूष. अडला तर जमीनमालक विकसन करारनामा रद्द करतो, इसार जप्त करतो आणि बिल्डर "आम्हीही फसलो" म्हणतो. आमच्या बाबतीत दुसरं घडलं. सातबाऱ्यावर शेवटपर्यंत मूळ शेतकऱ्याचंच नाव होतं, आणि एलएलपीच्या नावावर त्या गटात एक गुंठाही नव्हता.

"सध्या बँकेची भानगडच नाही, कर्ज नंतर पझेशनच्या जवळ काढा" हे सोय म्हणून विकतात. उलटं वाचा. बँक आली की तिचा वकील टायटल सर्च काढतो, मंजूर नकाशा मागतो, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र मागतो. बँक नाही म्हणजे यातलं काहीही कुणी तपासलेलं नाही.

पावती नीट वाचा. आमच्या पावतीवर 'परतावायोग्य अनामत, स्वारस्य नोंदणीपोटी' असं होतं, फ्लॅट नंबर नव्हता. महारेराच्या सुनावणीत बिल्डरच्या वकिलाने हेच धरलं: हे अलॉटी (फ्लॅट वाटप झालेले ग्राहक) नाहीतच, यांना रेराचा आधारच नाही. वाचवलं ते विक्रीवाल्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या कॉस्ट शीटने (किमतीच्या तक्त्याने). तिच्यावर विंग, मजला, फ्लॅट नंबर आणि 52,00,000 ही किंमत स्पष्ट होती. म्हणून चॅट पुसू नका, फोन बदललात तर आधी एक्स्पोर्ट करून ठेवा, आणि पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63(4) चं प्रमाणपत्र जोडा. रोख दिलेल्या 1,50,000 चा आदेशात उल्लेखसुद्धा नाही. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे. दंड घेणाऱ्याला होतो, पण पावती नसताना दिलेलं सिद्ध कसं करणार? पार्किंगला रोख हल्ली सगळेच मागतात, लोक देतात, मीही दिले. ते पैसे बुडीत.

धनादेशांचा प्रकार याहून संतापजनक. परताव्यासाठी तीन धनादेश दिले: 2,00,000, 5,50,000 आणि 5,50,000. पहिला वटला, आणि तो वटावा हीच योजना होती; त्याने माणूस शांत होतो. दुसरा 'निधी अपुरा' शेरा घेऊन परत आला. तिसऱ्यासाठी "या महिन्यात टाकू नका, फंड येतोय" असं गोड बोलत राहिले, तोवर तारखेपासूनचे तीन महिने उलटले आणि धनादेश बाद झाला. बाद धनादेशावर परक्राम्य संलेख कायद्याचं कलम 138, म्हणजे धनादेश न वटल्याचा गुन्हा, लागत नाही. साडेपाच लाखांचा फौजदारी दबाव नुसत्या गोड बोलण्यात गेला. कुणीही "थांबा" म्हणालं तर लगेच बँकेत टाका. परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, नोटीस पोचल्यापासून त्यांना 15 दिवस, आणि ते संपल्यावर एका महिन्यात न्यायालयात तक्रार. नोटिशीची मुदत चुकली तर ती माफ होत नाही, आणि तक्रारीची चुकली तर उशीर माफ करून घेण्यातच सगळी शक्ती जाते. खटला उभा राहिला की कलम 143ए खाली अंतरिम भरपाईचा अर्ज द्या. 20 टक्क्यांपर्यंत मिळू शकते, 5,50,000 वर ते 1,10,000 होतात. वकील हे आपणहून सुचवेलच असं नाही.

आता यंत्रणा. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य काय ऐकायला मिळतं ते महाराष्ट्रातल्या कुठल्याही घर घेणाऱ्याला विचारा: "हा दिवाणी वाद आहे, रेराकडे जा." जमीन नावावर नसताना, परवानगी नसताना, फ्लॅट नंबर टाकून पैसे घेतले, यात दिवाणी काय आहे? दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे, असा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा ललिता कुमारी निकाल 2013 सालचा आहे. ठाण्यात त्याचं नाव काढलं तर "आम्हाला कायदा शिकवू नका" हे उत्तर. तक्रार घेतली तर पोच द्यायची नाही, पोच दिली तर शिक्का नाही. मग अर्ज 'चौकशीवर' ठेवायचा. चौकशी म्हणजे बिल्डरला फोन करणं, आणि तो "देतोय ना साहेब" म्हणाला की फाइल मिटते. अशा वेळी तोंडी बोलणं थांबवा. तक्रार रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्तांकडे, बीएनएसएसच्या (नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या) कलम 173(4) चा उल्लेख करून. तरी हलले नाहीत तर दंडाधिकाऱ्यांकडे 175(3) खाली अर्ज. कलमं घालताना तारीख बघा: 1 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या पैशांना भादंवि 420 आणि 406, नंतरच्यांना भारतीय न्याय संहितेची 318 आणि 316. जुन्या व्यवहाराला नवी कलमं लावलीत तर तेवढ्यावरून अर्ज फिरवून पाठवतात.

महारेराचा आदेश आमच्या बाजूने लागला. राहिलेले 11,00,000 आणि त्यावर व्याज, महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (कर्जाचा पायाभूत दर) अधिक 2 टक्के. नातेवाइकांनी अभिनंदन केलं. कसलं अभिनंदन? आदेश हा कागद असतो. पैसे दिले नाहीत तर रेरा कायद्याच्या कलम 40 खाली वसुली वॉरंट निघतं, ते जिल्हाधिकाऱ्यांमार्फत तहसीलदाराकडे जातं आणि जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसुली व्हायची असते. आता तहसील कार्यालय बघा. निवडणूक त्यांच्याकडे, पंचनामे त्यांच्याकडे, दाखले त्यांच्याकडे, गौण खनिजाच्या गाड्या त्यांच्याकडे. त्या ढिगात बिल्डरकडच्या वसुलीची फाइल कुठे असेल ते सांगायला नको. आणि फाइल वर आलीच तर कारकून तुम्हालाच विचारतो, "जप्त करायला मालमत्ता दाखवा." राज्याकडे जमिनीच्या नोंदी, दस्त नोंदणी, जीएसटी सगळं आहे, शोधायचं मात्र फसवलेल्याने. सरकार 2025 च्या गृहनिर्माण धोरणाला 'माझे घर, माझा अधिकार' असं नाव देतं. वसुलीसाठी जिल्ह्यागणिक पुरेशी माणसं दिली असती तर त्या नावाची गरज पडली नसती.

तेव्हा मालमत्तांची यादी वॉरंटच्या अर्जालाच जोडा. त्याच भागीदारांच्या इतर फर्म महारेराच्या संकेतस्थळावर सापडतात, न विकलेल्या सदनिकांची माहिती तिथेच असते. नोंदणी विभागाच्या ई-सर्चमध्ये इंडेक्स-2 (नोंदलेल्या दस्ताचा सारांश) काढा. तुमचा आरटीजीएस ज्या खात्यात गेला ते खातं पहिल्या क्रमांकावर लिहा.

नुसता रेरा नंबर दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. कल्याण-डोंबिवलीतल्या 65 इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या लावून नोंदणी मिळवली होती. लोकांनी कर्जं काढून घरं घेतली, राहायला गेले, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने इमारती पाडायचा आदेश दिला. प्रारंभ प्रमाणपत्राचा जावक क्रमांक महापालिका किंवा पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), ज्यांचं क्षेत्र असेल त्यांच्या नगररचना विभागाकडे जाऊन पडताळा. सातबाऱ्याचा 'इतर हक्क' रकाना वाचा, फेरफार काढा, वर्ग 2 ची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) जमीन असेल तर तिथेच थांबा. ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो स्वतः स्कॅन करा, आणि उघडलेल्या पानावरचं प्रवर्तकाचं (बिल्डरचं) नाव व धनादेशावर लिहायला सांगितलेलं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते बघा.

त्याच गट नंबरवर आता नव्या नावाचा प्रकल्प फिरतोय. एलएलपी वेगळी, ईओआय 1,00,000, आणि क्रिएटिव्हच्या तळाशी बारीक अक्षरात 'फक्त चॅनल पार्टनरच्या माहितीसाठी'. ही ओळ जाहिरात कायद्यातून निसटावी म्हणून टाकतात. असं क्रिएटिव्ह फोनवर आलं तर तारीख आणि पाठवणाऱ्याचा नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट काढून महारेराकडे तक्रार करा. विनानोंदणी विक्रीला प्रकल्पखर्चाच्या 10 टक्क्यांपर्यंत दंड आहे, आणि तक्रार करायला तुम्ही पैसे भरलेले असण्याची गरज नाही.