शिराझ की कॅबर्ने: नाशिकच्या दोन लाल वाइन एकाच जेवणासोबत

गेल्या महिन्यात मी नाशिक परिसरात तयार झालेल्या दोन लाल वाइन एकाच संध्याकाळी, एकसारख्या पेल्यांतून आणि एकाच जेवणासोबत चाखल्या. एक निव्वळ शिराझ द्राक्षांची होती, दुसरी निव्वळ कॅबर्ने सोव्हिन्यों द्राक्षांची. दोन्हींच्या द्राक्षतोडणीचे वर्ष एकच होते आणि किमतीतही फारसा फरक नव्हता. या दोन्ही जातींची वाइन अंगाने भरदार असते, म्हणजे रंगाने गडद, चवीला दाट आणि गिळल्यानंतरही जिभेवर बराच वेळ रेंगाळणारी. त्यामुळे दुकानात त्या शेजारी शेजारी मांडलेल्या असतात आणि विचारल्यावर ‘दोन्ही सारख्याच, कोणतीही घ्या’ असे उत्तर मिळते. हे उत्तर ग्राहकाच्या आणि द्राक्षाच्याही दृष्टीने अन्यायाचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

शिराझ पेल्यात ओतताच तिचा जांभळट काळा रंग नजरेत भरला. वासात पिकलेले जांभूळ आणि करवंद होते, आणि त्यामागे नुकत्याच कुटलेल्या काळ्या मिऱ्यांची हलकी चाहूल होती. ही चाहूल चाखणाऱ्याच्या कल्पनेतून येत नाही. रोटंडोन नावाचे जे द्रव्य मिऱ्याला त्याचा वास देते, तेच शिराझच्या सालीत असते, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 2008 मध्ये दाखवून दिले. थंड हवेत पिकलेल्या शिराझमध्ये ते अधिक असते, त्यामुळे फ्रान्सच्या रोन खोऱ्यातील उत्तरेकडच्या वाइनमध्ये मिरे ठळकपणे जाणवतात आणि उष्ण प्रदेशात पिकलेल्या फळाचा गोडवा त्यांच्यावर मात करतो. माझ्या बाटलीतही जांभूळ पुढे होते आणि मिरे मागे. काही माणसांना हा वास मुळीच येत नाही, म्हणून मिरे जाणवले नाहीत तर कोणी आपल्या नाकाला दोष देऊ नये.

कॅबर्नेचा पेला अगदी वेगळा निघाला. या जातीचे मणी लहान, साल जाड आणि गराच्या मानाने बिया मोठ्या असतात. वाइनला तुरटपणा देणारी टॅनिन ही द्रव्ये मुख्यतः साल आणि बियांतूनच उतरत असल्यामुळे कॅबर्नेचा पहिला घोट हिरड्यांना पकडतो, कडक काळा चहा उकळून प्यावा तसा. वासात देवदाराच्या लाकडाचा सुगंध होता, परंतु त्याच्या बरोबरीने हिरव्या ढोबळी मिरचीचा वासही स्पष्ट येत होता. तो या जातीला वारशानेच मिळाला आहे. कॅबर्ने फ्रांक आणि सोव्हिन्यों ब्लांक या दोन जातींच्या नैसर्गिक संकरातून कॅबर्ने सोव्हिन्यों जन्मली, हे कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील विद्यापीठाने 1997 मध्ये डीएनए चाचणीने सिद्ध केले, आणि तो हिरवा वास दोन्ही पालकांमध्ये आढळतो. घड पूर्ण पिकले आणि त्यांना पुरेसे ऊन मिळाले की तो ओसरतो. माझ्या बाटलीत तो ओसरलेला नव्हता.

याचे कारण मला द्राक्षबागेच्या वेळापत्रकात दिसते. कॅबर्ने उशिरा पिकणारी जात आहे. तिचे माहेर असलेल्या फ्रान्सच्या बोर्दो प्रांतातील मेदोक भागात गोट्यांची जमीन दिवसाची ऊब धरून ठेवते आणि या सावकाश पिकणाऱ्या द्राक्षाला साथ देते. आपल्याकडे नव्या काड्या फुटाव्यात म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा ओसरताना फळछाटणी आणि जानेवारी ते मार्च या काळात तोडणी असा क्रम असतो. म्हणजे युरोपात घड पक्व होताना हवा थंड होत जाते, तर नाशिकला ती तापत जाते. फेब्रुवारीच्या शेवटी उन्हाचा कडाका वाढला की रसातील साखर भराभर चढते, आम्लता घसरते, आणि साल व बिया मात्र अजून कच्च्याच राहतात. थांबावे तर वाढलेल्या साखरेमुळे वाइनमध्ये अल्कोहोल वाढते, तोडावे तर हिरवेपणा उरतो. शिराझ याच हवेत कॅबर्नेच्या आधी पक्व होते, त्यामुळे ही कोंडी तिच्या वाट्याला कमी येते.

जेवणात काळ्या मसाल्याचा मटणाचा रस्सा होता. त्याच्यासोबत कॅबर्ने मला सोसली नाही. तिखट आणि तुरट एकत्र आले की दोन्ही अधिक बोचतात, आणि मसाल्याचा सुगंधही त्यात हरवतो. शिराझचे टॅनिन मऊ आहे आणि तिचे फळ पुढे येणारे आहे, त्यामुळे रश्श्यातील लवंग, मिरे आणि भाजलेले खोबरे तिच्यासोबत अधिक खुलले. नंतर केवळ मीठ, लसूण आणि लिंबू लावून निखाऱ्यावर भाजलेल्या मटण चापा आल्या आणि चित्र पालटले. मांसातील प्रथिने आणि चरबी टॅनिनला बांधून घेतात, त्यामुळे मघाशी रुक्ष वाटलेली कॅबर्ने एकदम भारदस्त झाली आणि शिराझ तिच्यापुढे थोडी सैल वाटली.

उरलेली अर्धी बाटली कॅबर्ने मी बूच लावून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखली. हवा लागल्याने तुरटपणा बराच निवळला होता, ढोबळी मिरची मागे सरली होती आणि देवदाराचा सुगंध वर आला होता. तेव्हा ही वाइन जेवणाच्या तासभर आधी रुंद तोंडाच्या भांड्यात ओतून ठेवावी, असे मी आग्रहाने सुचवीन. दोन्ही वाइन सोळा ते अठरा अंश तापमानाला प्याव्यात. ‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला’ हा नियम युरोपातील थंड घरांचा आहे. आपल्याकडे एप्रिलमध्ये तो पाळला तर अल्कोहोलची वाफ नाकात शिरते आणि बाकी काहीच उरत नाही, म्हणून बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी.

या दोघींपैकी एकच निवडायची नसेल, तर त्यांचे मिश्रण घेण्यात काहीच कमीपणा नाही. एकोणिसाव्या शतकात बोर्दोचे व्यापारी आपल्या वाइनला अंग यावे म्हणून तिच्यात रोन खोऱ्यातील एर्मिताजची शिराझ, म्हणजे तिकडची सिरा, मिसळत असत. ऑस्ट्रेलियात हे मिश्रण उघडपणे आणि अभिमानाने केले जाते, आणि बंगळुरूजवळच्या नंदी हिल्स येथील ग्रोव्हर या वाइन उत्पादकांची ‘ला रिझर्व्ह’ ही वाइन याच दोन जातींची आहे. कॅबर्नेच्या सांगाड्यावर शिराझचे मांस चढते, अशी ही रचना आहे.

माझ्या घरी रश्श्याच्या दिवसासाठी यापुढे नाशिकची शिराझच येईल. कॅबर्नेची एक बाटली मात्र मी आडवी करून थंड, अंधाऱ्या जागी ठेवली आहे आणि ती तीन वर्षांनी, चापा भाजण्याच्या दिवशी उघडणार आहे.