पंचवीस किलो एका गोणीत मावलं, तिथेच कळायला हवं होतं

ठाण्यात वागळे इस्टेटला माझा छोटा गाळा आहे. केटररसाठी जेवण गरम ठेवायच्या पेट्या आम्ही बनवतो. पेटीच्या तळाशी मेणाने भरलेला चपटा ट्रे असतो. हीटर लावला की मेण वितळतं आणि परत गोठताना कितीतरी वेळ ऊब देत राहतं. पण मेण उष्णतेच्या बाबतीत महाआळशी. उष्णतावाहकता जेमतेम ०.२ वॅट प्रति मीटर-केल्विन. हीटरजवळचं पाणी होतं, कोपऱ्यातलं दगडच.

यावर उपाय ग्रॅफाइटचा. साधी पूड वितळलेल्या मेणात तळाला बसते, म्हणून फुगवलेलं ग्रॅफाइट लागतं. आम्लात मुरवलेले पापुद्रे आठ-नऊशे अंशांच्या भट्टीत एकदम टाकले की ज्वारीच्या लाह्यांसारखे फुलतात. त्या जाळीत मेण मुरतं आणि उष्णतेला कोपऱ्यापर्यंत सलग वाट मिळते.

तुर्भ्याच्या एका व्यापाऱ्याने ५० ग्रॅम नमुना दिला. पिशवी छोट्या उशीएवढी! ज्या ट्रेला दीड तास लागायचा, तो चाळीस मिनिटांत कडेपर्यंत वितळला. मी खूश होऊन २५ किलोचे ६२ हजार आगाऊ भरले.

माल आला एका गोणीत. हमालाने ती खांद्यावरून उतरवली.

नमुना मीच मोजला होता, एका लिटरच्या मापात आठ ग्रॅम. म्हणजे २५ किलोला तीन हजार लिटर जागा हवी, गच्चीवरच्या हजार लिटरच्या तीन टाक्या! शाळेतला गुणाकार, पण केला नाही. व्यापारी म्हणाला, "साहेब, वाहतुकीसाठी दाबून भरलंय." पटलं. खरं तर हे दाबलं की त्याचा पत्रा होतो, पूड नव्हे.

आमच्या मिस्त्रींनी चिमूटभर बोटांत चोळली. "दादा, हे कचकचतंय. पेन्सिलीच्या शिशासारखं सरकत नाही." मी व्हिडिओ कॉल लावला. व्यापाऱ्याने मल्टिमीटरची टोकं पुडीत दाबून धरायला सांगितली. बीप वाजला. "बघा, वीज जाते, म्हणजे ग्रॅफाइटच." वर प्रयोगशाळेचा अहवाल, कार्बन ९९ टक्के.

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, हीच गंमत. पेट्रोलियम कोक, म्हणजे तेलशुद्धीकरणात उरणारा कोळशासारखा पदार्थ, भाजून दळला तरी वीज जाते आणि कार्बनही तेवढाच निघतो. फरक मांडणीचा. ग्रॅफाइटमध्ये अणूंचे थर वहीच्या पानांसारखे नीट रचलेले असतात आणि त्या थरांच्या दिशेने उष्णता तांब्यापेक्षाही सहज जाते. कोकमध्ये पानं फाटून विस्कटलेली. एक्स-रे डिफ्रॅक्शनच्या, म्हणजे क्ष-किरणांनी अणूंची मांडणी तपासायच्या चाचणीच्या, आलेखात ग्रॅफाइटचा २६.५ अंशांजवळ सुईसारखा शेंडा दिसतो. माझ्या पुडीचं तिथे बसकं टेकाड निघालं. ट्रेला पुन्हा दीड तासच लागत होता, तो वेगळाच.

बिलावर काय लिहिलं होतं? 'कार्बन पावडर'. वकील म्हणाले, धंद्यासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक आयोगात सहसा थारा नाही. पोलिसांत अर्ज दिला आहे. तुम्ही घेणार असाल तर बिलावर 'फुगवलेलं ग्रॅफाइट' आणि लिटरमागे वजन लिहून घ्या, गोणी समोर फोडून माप भरा आणि मगच पैसे द्या.

व्यापारी फोन मात्र उचलतो, अगदी आदराने. "साहेब, नमुना दुसऱ्या लॉटचा होता." गोणी माळ्यावर पडून आहे आणि केटररची दिवाळीची ऑर्डर जुन्याच ट्रेवर गेली.