१९८४ की १९८७? सेल्टिक्स आणि लेकर्स यांचे कोणते प्लेऑफ आधी पाहावेत

जुन्या एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, एकाच वर्षाचे प्लेऑफ (बाद फेऱ्या) नीट पाहण्याइतकी सवड असेल, तर माझ्या मते निवड १९८४ आणि १९८७ यांच्यातच करावी. दोन्ही वर्षी अंतिम मालिकेत (चार सामने आधी जिंकणारा विजेता) बॉस्टन सेल्टिक्स आणि लॉस एंजेलिस लेकर्स समोरासमोर होते. पहिल्या वेळी लॅरी बर्डचा बॉस्टन ४-३ असा जिंकला, दुसऱ्या वेळी मॅजिक जॉन्सनचा लेकर्स ४-२ असा.

१९८४ चे खरे बळ अंतिम मालिकेत आहे. दुसऱ्या सामन्यात हातातोंडाशी आलेला विजय लेकर्सनी गमावला, कारण त्यांच्या जेम्स वर्दीचा पास बॉस्टनच्या जेरल्ड हेंडरसनने मध्येच पळवून बरोबरी साधली आणि जादा वेळेत बॉस्टनने बाजी मारली. तिसऱ्या सामन्यात बॉस्टन ३३ गुणांनी चिरडले गेल्यावर चौथ्यात त्यांच्या केविन मॅकहेलने बास्केटकडे झेपावणाऱ्या लेकर्सच्या कर्ट रॅम्बिसला आडवे पाडले. आजच्या नियमांत हे खपले नसते, पण मालिकेचा नूर तिथेच पालटला. पाचवा सामना तर वातानुकूलन नसलेल्या बॉस्टन गार्डनमध्ये सुमारे ३६ अंश सेल्सियस तापमानात झाला. लेकर्सचा ३७ वर्षांचा करीम अब्दुल-जब्बार बाकावर बसून ऑक्सिजन घेत होता, आणि बर्ड ३४ गुण व १७ रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू) मिळवून गेला.

१९८७ मध्ये मात्र रंगत अंतिम मालिकेच्या आधीच्या वाटेवर आहे, आणि तीही पूर्वेकडच्या (लीगचे पूर्व आणि पश्चिम असे दोन गट असतात, आणि प्रत्येकाचा विजेता अंतिम मालिकेत येतो). पश्चिमेत लेकर्सनी १२ पैकी ११ सामने जिंकले. तिथे पाहावी ती एकच गोष्ट, गोल्डन स्टेटच्या स्लीपी फ्लॉइडने त्यांच्याविरुद्ध एकाच क्वार्टरमध्ये (सामन्याच्या १२ मिनिटांच्या चतुर्थांशात) केलेले २९ गुण. बॉस्टनला मिलवॉकी आणि डेट्रॉइट या दोघांनीही सात-सात सामने झुंजवले, त्यात मॅकहेल मोडलेल्या पायाने खेळत होता. त्यामुळे अंतिम मालिकेच्या चौथ्या सामन्यात मॅजिकच्या हुक शॉटने (एका हाताने डोक्यावरून फिरवून मारलेल्या फटक्याने) लेकर्स १०७-१०६ असे जिंकतात, तेव्हा समोरचा संघ किती दमलेला आहे हे ठाऊक असल्याशिवाय त्या फटक्याचे वजन कळत नाही.

मोजक्याच संध्याकाळी हाताशी असतील, तर १९८४ ची अंतिम मालिका घ्यावी. ती मागचे काही माहीत नसतानाही समजते. महिनाभर सवडीने पाहणार असाल, तर मी १९८७ कडे झुकेन. फक्त सुरुवात डेट्रॉइटविरुद्धच्या पाचव्या सामन्यापासून करावी, ज्यात बर्डने डेट्रॉइटच्या आयझेया थॉमसचा पास अखेरच्या क्षणी पळवून आपल्या सहकारी डेनिस जॉन्सनकडे दिला आणि बॉस्टन १०८-१०७ असा वाचला.