पॅक्लिटॅक्सेल चालू असताना हातांसाठी काय निवडावं: गोठवलेले हातमोजे की घट्ट सर्जिकल ग्लोव्ह्ज?

केमोथेरपीतल्या पॅक्लिटॅक्सेलने बोटांच्या मज्जातंतूंना इजा होऊन बधिरपणा, झिणझिण्या येऊ शकतात; तो त्रास कमी ठेवायला हे दोन उपाय आहेत. आधी औषधाचं नाव बघा. पॅक्लिटॅक्सेल किंवा नॅब-पॅक्लिटॅक्सेल असेल तरच ही तुलना कामाची. ऑक्झॅलिप्लॅटिन असेल तर गोठवलेल्या मोज्यांचा विचारही करू नका. त्या औषधानंतर फ्रिजमधली बाटली धरली तरी बोटांत झिणझिण्या उठतात.

दोन्ही उपायांमागचा हेतू एकच: औषध चढत असताना बोटांतला रक्तप्रवाह कमी ठेवायचा, म्हणजे तिथल्या मज्जातंतूंपर्यंत औषध कमी पोचतं.

जेलचे मोजे उणे २५ ते ३० अंशांपर्यंत गोठवतात. आठवड्याच्या पॅक्लिटॅक्सेलला साधारण तासभर लागतो. त्याआधी १५ मिनिटं घालून, संपल्यावर १५ मिनिटांनी काढायचे. ४५ मिनिटांत गारवा उतरतो, म्हणून दुसरी जोडी तयार हवी. आत पातळ सुती मोजा घालावा. बरेच जण गारठा सोसवत नाही म्हणून मध्येच हात बाहेर काढतात, आणि नेमकं तेव्हाच औषध चालू असतं. कातडी पांढरी, कडक दिसली तर मोजे लगेच काढा. हिमदाहाची सुरुवात असू शकते. थंडीत बोटं पांढरी-निळी पडत असतील, रक्ताभिसरण कमी असेल किंवा हात आधीच बधिर असतील, तर हा मार्ग नको.

सर्जिकल ग्लोव्ह्जचा खर्च किरकोळ. नेहमीच्या घट्ट मापापेक्षा एक नंबर लहान, प्रत्येक हातात दोन, एकावर एक. औषधाआधी ३० मिनिटं घालायचे, नंतर ३० मिनिटांनी काढायचे. अंगठ्या, बांगड्या आधीच उतरवा. मनगटाशी कड गुंडाळली गेली तर तिचा काच बसतो; बोटं निळी पडली किंवा ठणकू लागली तर काढून टाका. सैल ग्लोव्ह्जनी काहीच साधत नाही. लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर बिनलॅटेक्सचे मागा.

सलाईनची सुई पंजात असेल तर दोन्ही उपाय अडतात. सुई टोचण्याआधीच सिस्टरना सांगा: मनगटाच्या वर, कोपराच्या खाली घ्या, किंवा पोर्ट (औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेली डबी) असेल तर तो वापरा.

जर्मनीतल्या 'पोलार' चाचणीत प्रत्येकीचा एकच हात जपला, दुसरा तसाच ठेवला. मध्यम किंवा त्याहून तीव्र त्रास गार केलेल्या हातांत २९ टक्के, मोकळ्या हातांत ५०. दाबलेल्या हातांत २४, मोकळ्या हातांत ३८. पूर्ण संरक्षण कशानेच नाही, पण फरक खरा आहे. आमचं मत: फ्रीझरची सोय नसलेल्या केमोच्या डे-केअरमध्ये ग्लोव्ह्ज घ्या. पूर्ण वेळ घातलेले ग्लोव्ह्ज अर्ध्यावर काढलेल्या गार मोज्यांपेक्षा बरे.

गोळ्यांवर भिस्त ठेवू नका. असेटिल-एल-कार्निटीन या पूरक गोळीने त्रास वाढल्याचं दिसलं आहे, आणि बी-६ जीवनसत्त्वाचा मोठा डोस दीर्घकाळ घेतला तर तोच मज्जातंतू बिघडवतो.

शर्टाचं बटण लावताना, सुईत दोरा ओवताना बोटं चुकू लागली तर पुढच्या डोसआधी डॉक्टरांना सांगा. डोस कमी करायचा की थांबवायचा, हे त्यांना तेव्हाच ठरवता येतं.