वायरगार्ड: छोट्या ऑफिसला भारी, पण आयपीचं प्लॅनिंग तुमचं तुम्हालाच करायचंय

घरून काम करणाऱ्यांना इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणारं व्हीपीएन म्हणून ओपनव्हीपीएन काढून वायरगार्ड टाकलं आणि आता परत मागे जायचं नाव नाही. क्लिक केलं की कनेक्ट, वायफायवरून मोबाईल डेटावर गेलात तरी सेशन तुटत नाही, आणि २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) आहे त्यामुळे सर्व्हरवर वेगळं मॉड्यूल बसवायची कटकट नाही.

पण इथे डीएचसीपी (आपोआप आयपी ॲड्रेस वाटणारी सोय) वगैरे काही नाही हं. प्रत्येक लॅपटॉपला, फोनला ॲड्रेस तुम्ही द्यायचा आणि सर्व्हरवर त्या पीअरच्या (जोडलेल्या उपकरणाच्या) अलाउड आयपीजमध्ये तोच स्लॅश ३२ (म्हणजे फक्त तो एकच ॲड्रेस) लावून टाकायचा. हे एकच सेटिंग जाताना डेटाचं कुठलं पॅकेट कुणाकडे जाणार ते ठरवतं आणि येताना दुसऱ्याच ॲड्रेसवरून काही आलं तर टाकून देतं. मला हे प्रचंड आवडलंय, कोण कुठल्या आयपीवर ते कायम पक्कं, फायरवॉलचे रूल लिहिणं एकदम सोपं. मात्र दोन पीअरला एकच ॲड्रेस पडला तर एरर येत नाही, तो नंतरच्याला मिळतो आणि पहिल्याचं बंद पडतं, म्हणून एक्सेलमध्ये यादी ठेवाच.

ऑफिसचं नेटवर्क १९२.१६८.१.० असेल तर आधी ते बदला!! घरच्या कितीतरी राऊटरना तीच रेंज असते, मग लॅपटॉपला वाटतं फाईल सर्व्हर घरातच आहे आणि पॅकेट टनेलमध्ये (व्हीपीएनच्या वाटेने) जातच नाही. १०.७३.२०.० असलं काहीतरी आडवळणाचं घ्या, व्हीपीएनला आणखी वेगळं.

दुसरी अडचण परतीच्या रूटची. सर्व्हर पिंग होतो, प्रिंटर होत नाही, कारण प्रिंटर उत्तर मेन राऊटरकडे पाठवतो आणि त्याला व्हीपीएनची रेंज माहीतच नसते. राऊटरवर एक स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेला कायमचा मार्ग) टाका, गेटवे म्हणून वायरगार्डच्या सर्व्हरचा आयपी, आणि सर्व्हरवर आयपी फॉरवर्डिंग (दुसऱ्यांची पॅकेट पुढे पाठवणं) चालू आहे ना ते बघा. मास्करेड (पॅकेटवर सर्व्हरचाच आयपी लावणं) करूनही भागतं पण मग लॉगमध्ये सगळे सर्व्हरच्याच आयपीने दिसतात, कोणी काय उघडलं ते कळत नाही, म्हणून मी तरी रूटच टाकायला सांगेन.

ऑफिसच्या लाईनला पब्लिक आयपी (इंटरनेटवरून थेट गाठता येणारा) नसेल तर बाहेरून सर्व्हरपर्यंत पोचताच येत नाही, तिथे टेलस्केल घ्या, आत वायरगार्डच आहे आणि १०० ने सुरू होणारे ॲड्रेस ते स्वतःच वाटतं.