सोलरच्या टाकीची वाफेची नळी बंद करून देणारे घरी आले, तर त्यांना स्लॅबवर चढू देऊ नका

आमचं घर कोल्हापुरात, कळंब्याच्या बाजूला. स्लॅबवर पाणी तापवायचा दोनशे लिटरचा सोलर आहे, काचेच्या वीस ट्यूबांचा. तो बसवला तेव्हा घरात सहा माणसं होती. सकाळी आठच्या आत टाकी रिकामी व्हायची आणि शेवटच्या माणसाला कोमट पाण्यावर भागवावं लागायचं. पुढे सासू-सासरे गेले, मुलगी लग्न होऊन साताऱ्याला गेली, मुलगा नोकरीसाठी पुण्याला. राहिलो आम्ही दोघं. दोन बादल्या गरम पाणी काढलं की आमचं काम संपलं. उन्हाळ्यात तर तेवढंही लागत नाही.

पाणी कुणी वापरत नाही आणि चैत्राचं ऊन दिवसभर ट्यूबांवर पडतंय, मग टाकी तापतच जाते. दुपारी बाराच्या पुढे टाकीवरच्या उभ्या नळीतून फुसफुस आवाज करत वाफ यायची, मधूनच कढत पाण्याची चिळकांडी उडायची. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये ते पाणी शेजारच्या काकींच्या कुरडयांवर पडलं. लुगड्यावर घातलेल्या, अर्धवट वाळलेल्या कुरडया चिकट झाल्या. काकी काही बोलल्या नाहीत, पण मला फार वाईट वाटलं. आपल्या सोलरमध्ये बिघाड आहे ही गोष्ट तेव्हापासून माझ्या मनात बसली. पुढे जे झालं त्याची सुरुवात या गैरसमजात आहे, म्हणून आधी हे सांगितलं.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी सकाळी नऊच्या सुमाराला दोघेजण मोटारसायकलवरून आले. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर हत्यारांची पिशवी. मिस्टर पहिल्या पाळीला गोकुळ शिरगावला गेलेले. "काकी, तुमच्या सोलरची कंपनीकडनं सर्व्हिसिंग हाय, बघायचं पैसे न्हाईत," असं म्हणाले. ओळखपत्रावर कंपनीचं नाव होतं, पण मी ते नीट वाचलं नाही, आणि आमच्या टाकीवर कोणत्या कंपनीचं नाव आहे हे तर मला त्या दिवशी सांगताही आलं नसतं.

वर गेल्यावर त्यातला मोठा म्हणाला, "पाणी भाईर पडतंय न्हवं? टाकी लीक व्हाय लागलीया. कवा फुटंल सांगता येत न्हाई." माझ्या मनात जे होतं तेच तो बोलला. मग त्यांनी प्यायला पाणी मागितलं. मी खाली आले, पाणी आणि चहा करून वर गेले. दहा-पंधरा मिनिटं गेली असतील. तेवढ्यात त्यांनी ट्यूबांच्या खालच्या टोकाची प्लास्टिकची टोपणं काढून ठेवली होती. मला वाकून बघायला सांगितलं. काही ट्यूबांची टोकं चांदीसारखी चकचकीत होती आणि सात ट्यूबांची टोकं दुधासारखी पांढरी. "ज्या पांढऱ्या झाल्यात त्या गेल्यात, व्हॅक्यूम संपलाय," तो म्हणाला.

हे सांगणं खोटं नव्हतं, आणि त्यामुळेच मी फसले. या ट्यूबांना काचेच्या दोन भिंती असतात आणि मधली हवा काढून घेतलेली असते. टोकाशी आतल्या बाजूला बेरियमचा चंदेरी थर असतो. पोकळी शाबूत असेपर्यंत तो चकचकीत राहतो, हवा शिरली की पांढरा पडतो. फक्त मी चहा करायला गेले त्याआधी त्या साती ट्यूबा धडधाकट होत्या. ट्यूबच्या तळाला काचेचं एक लहानसं टोक असतं, कारखान्यात हवा काढल्यावर ट्यूब तिथं सील करतात. पकडीनं ते टोक मोडलं की काम झालं. पुढे टाकी फुटल्यावर स्लॅब झाडताना पन्हाळीच्या जाळीत अडकलेली काचेची टोकं मला सापडली. हरभऱ्याच्या दाण्याएवढी, एका बाजूनं तुटलेली. मोजली तर सात.

त्यांनी टाकी रिकामी केली, सात ट्यूबा बदलल्या आणि जुन्या 'स्क्रॅप' म्हणून घेऊन गेले. एका ट्यूबचे नऊशे रुपये लावले. लक्ष्मीपुरीतल्या दुकानात नंतर त्याच मापाच्या ट्यूबची चौकशी केली, तर किंमत याच्या निम्म्याहूनही कमी निघाली. पण ट्यूबांचं दुःख मी गिळलं असतं. खरा घात त्यांनी पुढे केला. उभ्या नळीच्या तोंडावर त्यांनी पितळेचा एक व्हॉल्व्ह बसवला. त्यावर लाल-निळं स्टिकर होतं, 'हीट कंट्रोल' असं छापलेलं. "आता एक थेंब भाईर पडणार न्हाई, पाणी बी जास्त तापणार न्हाई," असं म्हणाला. त्याचे साडेचार हजार. सर्व्हिसिंगचे सहाशे. सगळे मिळून अकरा हजार चारशे झाले. पाच हजार रोख दिले, बाकीचे फोनवरून पाठवले. बिल म्हणून छापील पावती दिली. तिच्यावर पत्ता नव्हता, जीएसटी नंबर नव्हता, होता तो फक्त एक मोबाईल नंबर.

त्या दिवसापासून नळीतून वाफ यायची खरोखर बंद झाली. काकींना मी मोठ्या समाधानानं सांगितलं की आता निवांत वाळवणं घाला.

बिघाडाच्या खुणा मात्र दिसत होत्या. सकाळी गरम पाण्याचा नळ सोडला की आधी फस्सकन हवा आणि वाफ यायची, पाणी उसळून बादलीबाहेर उडायचं. दुपारी टाकीच्या पत्र्याचा टणकन आवाज यायचा. पत्रा उन्हानं तापत असेल, असं आम्ही धरून चाललो. तुमच्याकडे यातलं काही होत असेल, तर कृपा करून आमच्यासारखं सोडून देऊ नका.

एप्रिलच्या शेवटी आम्ही चार दिवस मुलीकडे साताऱ्याला गेलो. तिसऱ्या दिवशी दुपारी काकींचा फोन आला, "अगं, तुझ्या स्लॅबवर बाँब फुटल्यागत आवाज झाला." आम्ही मिळेल त्या एसटीनं निघालो. येऊन बघतो तर टाकीचं एका बाजूचं झाकण फुगून बाहेर आलेलं, सिलिकॉनच्या रिंगा उडालेल्या, तीन ट्यूबा जागेवरून निसटून फरशीवर फुटलेल्या. काचेचे तुकडे पार काकींच्या स्लॅबपर्यंत गेले होते. काकींचा नातू, इयत्ता तिसरीतला, वाळवणाची राखण करायला दुपारी तिथंच खुर्ची टाकून बसतो. त्या दिवशी तो जेवायला खाली गेला होता. हे लिहितानाही माझा हात थांबतो.

मिस्टरांच्या ओळखीचे उद्यमनगरातले एक फॅब्रिकेटर आहेत, टाक्यांची कामं करून केस पिकलेले. ते येऊन बघून गेले. तो पितळी व्हॉल्व्ह त्यांनी काढला, स्टिकर नखानं खरवडलं आणि माझ्या हातात दिला. साधा एनआरव्ही, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह होता, प्लंबर रोज वापरतात तो. एका बाजूनं हवा आत घेणारा आणि बाहेर काही न सोडणारा. "वहिनी, कुकरची शिट्टी वेल्डिंग करून बंद केल्यागत हाय हे," एवढंच ते म्हणाले.

मग त्यांनी जे समजावलं, ते सोलर बसवतानाच कुणीतरी आम्हाला सांगायला हवं होतं. पाणी तापलं की फुगतं. दोनशे लिटर पाणी तीस अंशांवरून नव्वद अंशांवर गेलं की साधारण सहा लिटरनं वाढतं. त्या सहा लिटरना कुठंतरी जागा लागते. त्यापुढे उकळी फुटली तर एका लिटर पाण्याची सोळाशे लिटरच्या वर वाफ होते. आमच्यासारख्या घरगुती सोलरची आतली टाकी पातळ स्टीलची असते, दाब सोसायला ती केलेलीच नसते. म्हणून वरची नळी उघडी ठेवतात. पाणी वाढलं तर तिथून बाहेर, वाफ झाली तर तिथून बाहेर. नळ सोडल्यावर पाणी खाली उतरतं तेव्हा हवाही तिथूनच आत जाते. ती हवा मिळाली नाही तर टाकी आत चेपू शकते. आमच्याकडे थंड पाण्याच्या लाईनवर पहिल्यापासून एक एनआरव्ही होता, गरम पाणी उलटं वरच्या टाकीत जाऊ नये म्हणून. त्यामुळे तिकडची वाट आधीच बंद होती. उरलेली वाट त्या दोघांनी बंद केली आणि त्याचे साडेचार हजार घेतले.

म्हणजे नळीतून वाफ येत होती तेव्हा सोलर बरोबर चालला होता. आमच्या गरजेपेक्षा तो मोठा झाला होता, एवढंच.

जास्त तापू नये म्हणून काय करायचं? उत्तर इतकं साधं निघालं की आजही चुटपुट लागते. ऊन अडवायचं. पाडव्याला वीसपैकी दहा ट्यूबा झाकायच्या आणि मृग लागला की उघडायच्या. पावसाळ्यात ढगांमुळे वीसच्या वीसही पुरत नाहीत. आम्ही नर्सरीतली हिरवी जाळी दुहेरी करून घेतली आणि काठाला सुतळी ओवली. जुनं गोणपाटही चालतं. पण बांधायचं घट्ट, नाहीतर वळवाच्या पहिल्याच वाऱ्यात ते चार घरं पलीकडे जातं. झाकण्याचं काम भल्या सकाळी करायचं. दोन दिवसांहून जास्त गावाला जाणार असाल तर सगळ्या ट्यूबा झाका, आणि सोलरकडे जाणारा थंड पाण्याचा कॉक मात्र बंद करू नका.

हा कॉक मी मुद्दाम सांगते आहे. आपल्याकडे पाणी कधी दोन-दोन दिवस येत नाही, वरची टाकी कोरडी पडते. ट्यूबा रिकाम्या राहून उन्हात तापल्या तर आतली काच दोनशे अंशांच्या वर जाते. अशा वेळी दुपारी पाणी आलं म्हणून मोटार लावली आणि थंड पाणी ट्यूबांत उतरलं की काच तडकते. म्हणून एरवी कॉक उघडा असला, तरी पाणी खंडित होतं तेवढ्यापुरता आम्ही आता तो बंद ठेवतो, ट्यूबा झाकतो आणि भरणं रात्री उशिरा किंवा पहाटे करतो.

आमची वाफेची नळीही बदलून घेतली. आधीची पीव्हीसीची होती, वाफेनं वाकलेली. आता जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची आहे. वरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीहून ती उंच घेतली, कारण बुटकी नळी ठेवली की थंड पाणीच तिच्यातून वाहत राहतं. तोंड काकींच्या स्लॅबकडून फिरवून आमच्या पन्हाळीकडे वळवलं. त्या नळीवर कॉक नाही, बूच नाही, व्हॉल्व्ह नाही, आणि कुणी कितीही सांगितलं तरी बसणार नाही. दाबाच्या पंपावर चालणारा सोलर असेल तर त्याला दाब सोडणारा वेगळा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. तो मधूनमधून ठिबकतो म्हणून त्यालाही बूच मारून घेऊ नका.

पैशांचं म्हणाल तर अजून काही हाती आलेलं नाही. पावतीवरचा नंबर बंद आहे. ज्या खात्यावर पैसे गेले त्याचं नाव पावतीवरच्या नावाशी जुळत नाही. पोलीस चौकीत अर्ज दिला आहे. ग्राहक हेल्पलाईनला, 1915 वर, फोन केला तेव्हा पहिला प्रश्न विक्रेत्याच्या पत्त्याचा आणि पक्क्या बिलाचा आला, आणि माझ्याकडे दोन्ही नव्हतं. फोनवरून पाठवलेल्या सहा हजार चारशेची नोंद तेवढी आहे. म्हणून दारात कुणी आलं तर आधी टाकीवरचं नाव वाचा, वॉरंटी कार्डावरच्या नंबरला स्वतः फोन लावून विचारा, आणि तोपर्यंत त्या माणसाला खालीच बसवा. चहा करायला गेलात तरी घरातलं दुसरं माणूस वर थांबू द्या. बदललेल्या ट्यूबा त्यांना नेऊ देऊ नका.

गेल्या पंधरवड्यात पाचगावला नणंदेकडे हळदी-कुंकवाला गेले होते. सवयीनं तिच्या स्लॅबवर नजर गेली, तर नळीच्या तोंडाला पितळ चमकत होतं. वर जाऊन बघितलं. तेच लाल-निळं स्टिकर. तिलाही कंपनीचे म्हणून दोघे येऊन गेले होते, तिच्या चार ट्यूबा 'गेल्या' होत्या. दुपारची वेळ, टाकी तापलेली. तशा टाकीवर पाना लावायचा नाही हे फॅब्रिकेटरांनी बजावलं होतं. मुलांना खाली पाठवलं, जिन्याच्या दाराला कडी घातली. ऊन उतरल्यावर तिच्या मिस्टरांनी ट्यूबांवर ताडपत्री टाकली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे टाकी निवल्यावर फॅब्रिकेटरांनी व्हॉल्व्ह काढला. काढताना फुस्स करून हवा सुटली, एवढ्या गार पहाटेसुद्धा.

तो व्हॉल्व्ह आणि आमचा व्हॉल्व्ह, दोन्ही एका पिशवीत घालून सोमवारी मी चौकीत नेऊन दिले. तुमच्या स्लॅबवर तिसरा असेल तर त्याचा फोटो काढा, टाकी गार होईपर्यंत कुणाला जवळ जाऊ देऊ नका, आणि तुमच्या भागातल्या चौकीत अर्ज द्या.