घरबसल्या शिकवा, महिना ४५ हजार: अर्धा स्टार, तोही पीडीएफसाठी

या ‘ट्युटर पॅनल’चं नाव लिहीत नाही. पुढच्या महिन्यात ते बदललेलं असेल आणि धंदा तोच असेल, म्हणून रिव्ह्यू धंद्याचा.

मी विक्रोळीला कन्नमवार नगरात दहावीच्या बीजगणित-भूमितीच्या शिकवण्या घेते. नोकऱ्यांच्या एका साइटवर माहिती टाकली होती, तिथून नंबर उचलून यांचा व्हॉट्सॲप आला. सातवी ते दहावी गणित, रोज दोन तास, महिना ४५ हजार. एवढ्या वेळाचे एवढे पैसे देणारे आईबाप मला तरी अजून भेटायचेत.

इंटरव्ह्यू फोनवर, कॅमेरा बंद. आधार मागितलं, पॅन मागितलं, कॅन्सल चेकचा फोटो मागितला, नवरा काय करतो तेही विचारलं. गणितातलं एक अक्षर नाही. शेवटी मीच म्हटलं, वर्गसमीकरणांचा डेमो देऊ का? ‘उसकी जरूरत नहीं मॅम, आप सिलेक्ट हो.’ माझ्या लेखी निकाल इथेच लागला. खरी कंपनी शिक्षकाला पिडते. चाचणी लावते, व्हिडिओ मागते, पेन-टॅबलेटवर वर्तुळ काढायला लावते आणि मग ‘कळवतो’ म्हणून गप्प बसते. सध्या मी ज्यांच्याकडे ऑनलाइन तास घेते त्यांनी पायथागोरसची सिद्धता माझ्याकडून दोन पद्धतींनी करून घेतली होती. कमिशन तेही घेतात, पण विद्यार्थ्याच्या फीमधून कापून. माझ्या पर्समधून नाही.

ऑफर लेटरची पीडीएफ मात्र देखणी. निळा शिक्का, झोकदार सही, खाली जीएसटी नंबर. आता जीएसटी नंबर ही वाचायची गोष्ट आहे. १५ अक्षरं असतात. पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्राचे २७), पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन, आणि पॅनचं चौथं अक्षर धारक कोण ते सांगतं: कंपनीला ‘सी’, एकट्या माणसाला ‘पी’. म्हणजे जीएसटी नंबरात डावीकडून सहावं अक्षर बघायचं. लेटरहेडवर ठळक ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि सहाव्या जागी ‘पी’! जीएसटीच्या सरकारी साइटवर लॉगिन न करताही नंबर तपासता येतो. तपासला, तर भलत्याच कुणाच्या नावावरची, रद्द झालेली नोंदणी. कॉर्पोरेट मंत्रालयाच्या साइटवर कंपनीचं नाव शोधलं, तिथेही काही नाही.

पत्ता चकाल्याचा होता. घाटकोपरला जायचंच होतं, तशीच मेट्रोत बसले. इमारत खरी, मजलाही खरा, पण तिथे टेबलं भाड्याने देणारं ऑफिस. रिसेप्शनवरच्या मुलीने नाव ऐकून मानही वर केली नाही. ‘मॅडम, याच नावाने बरेच जण येतात.’

मग मुद्द्याची गोष्ट. ‘व्हेरिफिकेशन फी’ १,४९९ रुपये, परत मिळणारी, संध्याकाळी सहाच्या आत. क्यूआर स्कॅन करून बघितला (बघण्याचे पैसे पडत नाहीत, पिन टाकला तरच पडतात), तर पैसे घेणारा कुणी गृहस्थ, कंपनीचा पत्ताच नाही. म्हटलं, पहिल्या पगारातून कापा. ‘सिस्टम में ऑप्शन नहीं है मॅम.’ ४५ हजार द्यायला ऑप्शन आहे, त्यातून दीड हजार वळते करायला नाही. मी हे बोलून दाखवल्यावर एचआरने ब्लॉक केलं. नोकरी देणारा नोकरीसाठी पैसे मागतच नाही. किट, ट्रेनिंग, लॅपटॉपचं डिपॉझिट, नाव काहीही असो.

याच धंद्याची दुसरी शाखा समोरच्या बिल्डिंगमधल्या बी.एससी. झालेल्या मुलीला भेटली. ‘आर्मीत आहे, कुलाब्याला पोस्टिंग, मुलीला इंग्लिश शिकवायचंय, तीन महिन्यांची फी आधीच देतो.’ भाव केला नाही, मुलगी कितवीत ते धड सांगितलं नाही. ‘आमच्याकडे पेमेंटची पद्धत वेगळी असते’ म्हणून त्याने क्यूआर पाठवला आणि ‘फी जमा करून घ्यायला’ पिन टाकायला लावला. यूपीआयचा पिन लागतो तो पैसे द्यायला, घ्यायला कधीच नाही. तिच्या आईच्या खात्यातून नऊ हजार गेले. वर त्याने ‘चुकून जास्त आले, परत करा’ म्हणून पैसे जमा झाल्याचा मेसेजही पाठवला, साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून. बँक असे मेसेज पाठवत नाही. जमा झाले का ते खातं उघडून बघायचं.

ती रडत आमच्याकडे आली, ‘काकू, बाबांना सांगू नका.’ आधी १९३० लावला, ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी हेल्पलाइन नंबर. लगेच लागला नाही, लावत राहिलो. यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी नंबर, वेळ, रक्कम, समोरच्याचा आयडी, सगळं कागदावर लिहून ठेवलं होतं म्हणून फोनवर धांदल झाली नाही. मग सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार, चॅटचे स्क्रीनशॉट जोडून. तिने चिडून चॅट डिलीट करायला घेतलं होतं, तो फोन मी हातातून काढून घेतला. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत थोडी रक्कम अडवली गेली. बाकीची गेली. अडवलेली परत मिळवायला बँकेत चकरा चालू आहेत, आणि बाबांना आता सगळं माहीत आहे.